सरकारच्या खिडकीखालचं पिवळं वर्तुळ

“त्यात काय एवढं, मी ऑफिसात विचारून सांगतो,” असं सरकार म्हणाले आणि म्हटल्या म्हटल्या पस्तावले. पण आता उशीर झाला होता. दारात जमलेली सगळी माणसं त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू उत्तर त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे आणि ते फक्त चष्मा शोधतायत.

प्रश्न होता भिंतीवरच्या वर्तुळाचा. सकाळी दूध आणायला उतरलेल्या कुणाला तरी इमारतीच्या दर्शनी भिंतीवर ते दिसलं. ताटाएवढं, पिवळ्याधमक रंगातलं, आणि आत एक बाण, वर तोंड केलेला. आकडा नाही, अक्षर नाही, काही नाही. आदल्या संध्याकाळी तिथे कोरी भिंत होती. शेजारच्या दोन्ही इमारती कोऱ्या. समोरचं न्हाव्याचं दुकान कोरं. आख्ख्या गल्लीत वर्तुळ एकच, आणि तेही नेमकं सरकारांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

सरकार हे काही त्यांचं नाव नव्हे. इमारतीत सरकारी नोकरीत असलेला माणूस एकच, म्हणून कुणीतरी थट्टेनं म्हणायला लागलं आणि ते चिकटलं. नोकरी वजनमापे कार्यालयात. निरीक्षक बाजारात तराजू तपासायला निघाले की त्यांच्या मागून पितळी वजनांची पेटी सांभाळत जायचं, आणि तराजू खरा निघाला की पकडीनं त्यावर शिशाचं सील दाबायचं. एवढ्या सरकारीपणावर देशाचा कारभार कळत नाही, हे त्यांना स्वतःला पक्कं माहीत होतं. पण जिना उतरताना “काय सरकार, निघालात?” असं कुणी विचारलं की छाती अर्धा इंच पुढे यायची, हेही खरं. एक अडचण मात्र होती. इमारतीत खऱ्या सरकारला रोज शिव्या पडत, आणि त्या नक्की कुणाला पडतायत हे फक्त क्रियापदावरून ओळखावं लागे. ‘सरकार झोपलंय’ म्हणजे मोठं. ‘सरकार झोपलेत’ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे.

“सरकारनं काढलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच काढलं असणार,” पहिल्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पोस्टातले. सारी हयात टपाल कचेरीत गेली, आणि शिक्का मारलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांची वडिलांवर असावी तशी श्रद्धा होती.

“तेच म्हणतोय मी!” गोळीवाले ओरडले. “विचार करूनच काढलंय! पण विचार काय आहे?”

गोळीवाल्यांचं कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. दिवसभर दुसऱ्यांना गोळ्या विकायचे आणि स्वतः डोकं दुखलं तर कपाळाला ओला रुमाल बांधून बसायचे. त्यांच्या मते जगात योगायोग नावाची गोष्ट नव्हती. पाऊस लांबला तरी कुणीतरी लांबवलेला असे.

“बाण कुठे बघतोय? वर. म्हणजे ही खूण खालून जाणाऱ्यांसाठी नाहीच. वरून बघणाऱ्यांसाठी आहे.”

“वरून कोण बघणार?” सरकारांच्या बायकोनं खिडकीतून विचारलं.

“वहिनी, हाच प्रश्न त्यांना नको असतो.”

“बघत काय बसलाय नुसते, जाब विचारा!” हा आवाज तळमजल्यावरच्या मोर्चाकाकूंचा. काकू मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या, तिथला संप त्यांनी गाजवला होता, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांच्या पलंगाखाली घोषणांचे फलक रचलेले असत. मागच्या आंदोलनातला शब्द पुसून नवा लिहिता यावा म्हणून त्या फलक खडूनंच रंगवत. “आपल्या भिंतीवर आपल्याला न विचारता रंग फासतात म्हणजे काय? आज भिंत, उद्या कपाळ!”

“उगाच आग लावू नका,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही उगाच विझवू नका,” काकू म्हणाल्या.

या गदारोळात तिघांच्याही नजरा सरकारांकडे वळल्या, आणि तेव्हाच ते वाक्य त्यांच्या तोंडून गेलं.

*

कचेरीत विचारणं सोपं होतं, उत्तर मिळणं तेवढं बाकी होतं. वजनमापेवाल्यांना वर्तुळाचं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं, म्हणून सरकार जेवणाच्या सुट्टीत रस्तेवाल्यांकडे गेले. तिथल्या बाईंनी डबा बाजूला सारून सगळं नीट ऐकून घेतलं. “पिवळा? छे. आमचा पांढरा. पिवळा वीजवाल्यांचा.” वीजवाले म्हणाले, “आमचा लाल. धोका असतो ना आमच्याकडे. पिवळा पाण्याचा असेल.” पाणीवाल्यांनी त्यांना निळा दाखवला, चक्क रंगाचा डबा उघडून दाखवला, आणि वर म्हणाले, “आम्ही वर्तुळ काढत नाही, आमचा चौकोन.” टेलिफोनवाल्यांचा माणूस रजेवर होता. झाडं मोजणाऱ्यांनी विचारलं, “भिंतीला फांद्या आहेत का?” आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसले.

याचंही सरकारांना फारसं वाटलं नसतं. पण प्रत्येक खिडकीवर एक गोष्ट सारखी घडत होती. समोरचा माणूस आधी ‘माहीत नाही’ म्हणायचा, मग क्षणभर थांबायचा, आणि आवाज बदलून विचारायचा, “पण तुम्ही का विचारताय?” पाणीवाल्यानं तर, “नाव काय म्हणालात?” असंही विचारलं. सरकारांनी नाव सांगितलं खरं, पण जिना उतरताना त्यांना वाटलं की दुसरंच सांगायला हवं होतं. मग वाटलं, दुसरं सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. आणि खोटं सांगण्यासारखं आपण केलंय तरी काय? या विचारात ते आपल्या कचेरीची पायरी चुकून जन्ममृत्यूच्या रांगेत उभे राहिले.

परत येऊन टेबलाशी टेकतात तोच शिपाई आला. “साहेबांनी बोलावलंय.”

विभागाचे साहेब अबोल गृहस्थ. वर्षानुवर्षांत सरकारांशी त्यांचं जे बोलणं झालं होतं ते सगळं वजनांबद्दल.

“वर्तुळाची चौकशी करतायत ते तुम्हीच का?” साहेबांनी विचारलं.

बातमी चार खिडक्या ओलांडून त्यांच्याआधी पोचली होती. “म्हणजे, साहेब, सहज. शेजारी विचारत होते.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. टेबलावरचा कागददाब इकडचा तिकडे ठेवला. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण म्हणाले एवढंच, “जरा जपून.”

जरा जपून! सरकारांनी हे दोन शब्द उलटेपालटे करून पाहिले. कशापासून जपून? की कुणापासून? धमकी होती की काळजी? संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांना उत्तर सापडलं नव्हतं, आणि दारात इमारत उभी होती. इमारत म्हणजे माणसं.

“काय म्हणालं ऑफिस?”

खरं सांगायचं तर ‘कुणालाच माहीत नाही’ असं सांगायला हवं होतं. पण सरकारी माणसानं सरकारला माहीत नाही असं चारचौघांत सांगायचं, म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःच्या तराजूचं सील फोडायचं. सरकारांनी घसा खाकरला. “नेहमीचंच काम आहे. काळजीचं काही कारण नाही.”

गोळीवाल्यांनी टाळी वाजवली. “ऐकलंत? काळजीचं कारण नाही! काळजीचं कारण नसताना हे वाक्य कुणी बोललेलं आठवतंय का तुम्हाला?”

“कसलं नेहमीचं काम?” काकूंनी विचारलं.

“ते सांगता येणार नाही,” सरकार म्हणाले. कारण ते खरोखरच सांगता येण्यासारखं नव्हतं. पण गर्दीतून असा काही हुंकार उठला की त्यांना कळलं, आपण आगीत तेल ओतलं.

*

काकूंच्या पुढच्या खोलीत बैठक बसली. सरकार जाणार नव्हते, पण न गेल्यास जे बोललं जाईल त्याची धास्ती जाण्याच्या धास्तीपेक्षा मोठी होती. त्यांना मधली खुर्ची मिळाली. एरवी तो मान, त्या दिवशी मात्र आरोपीचा पिंजरा.

गोळीवाल्यांनी तीन शक्यता मांडल्या. एक, इमारत पाडणार. दोन, इमारतीवर पाळत ठेवणार. तीन, इमारत आधीच पाळतीखाली आहे आणि वर्तुळ म्हणजे ‘काम झालं’ अशी खूण.

“कुणावर पाळत?” मास्तर म्हणाले. “तुझ्यावर? तुझी सकाळ उसाच्या चिपाडासारखी कोरडी जाते, संध्याकाळी माझ्याशी बुद्धिबळात हरतोस. कोण वेडा सरकारी पैसा घालेल त्यात?”

लोक हसले. गोळीवाले लाल झाले. खरं तर ही दोघं जिवलग. रोज संध्याकाळी जिन्याच्या वळणावर स्टूल टाकून त्यांचा डाव चाले. मास्तरांचं हृदय नाजूक, त्यांची गोळी गोळीवाले स्वतः वर आणून द्यायचे, आणि समोर उभं राहून गिळायला लावायचे.

“तू आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटं फोडली नाहीस म्हणून तुला वाटतं कुणीच फोडत नाही,” गोळीवाले म्हणाले.

“मग तुझं दुकान कुणाच्या परवान्यानं चालतं रे? सरकारच्याच ना? सरकार जर लबाड, तर तुझ्या गोळ्यांवर तरी मी का विश्वास ठेवायचा?”

“नको ठेवूस!”

“नाही ठेवत!”

मास्तर काठी टेकत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईनं गोळ्यांचं पाकीट दुकानावर परत आणून दिलं, आणि सांगितलं की बाबा आता सरकारी दवाखान्यातून घेणार आहेत. गोळीवाल्यांनी पाकीट कपाटात ठेवलं आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले. संध्याकाळी वळणावर स्टूल आलंच नाही.

सरकारांना याची टोचणी लागली. पण टोचणी लागायला त्यांना फुरसत कुठे होती? कारण एव्हाना ते स्वतःच बाधित झाले होते. गोळीवाल्यांचं म्हणणं मूर्खपणाचं आहे हे त्यांना दिवसभर पटायचं आणि अंघोळ करताना पटेनासं व्हायचं. समोर न्हाव्याच्या दुकानात एक माणूस पेपर तोंडावर धरून बसलेला दिसला. तो नंबर लागायची वाट बघत होता हे उघड होतं. पण मग पान का उलटत नव्हता?

शेवटी त्यांनी आपल्या विद्येचा आधार घेतला. एका दुपारी ओळंबा आणून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोडला. बाणाचं टोक आणि दोरा तंतोतंत एका रेषेत आले. केसाचाही फरक नाही. बाण इमारतीकडे नव्हता, आकाशाकडे नव्हता. त्यांच्याकडे होता.

“अहो, दोरा खाली सोडला की सरळच जाणार,” बायको पोळपाट धूत म्हणाली. “आणि खिडकी भिंतीतच असते. तुम्ही आत या बघू, खालचे लोक वर बघतायत.”

खालचे लोक खरंच वर बघत होते. गोळीवाल्यांनी लगेच निष्कर्ष काढला की सरकार खुणेची मोजदाद घेतायत, म्हणजे वरून हुकूम आलाय.

*

काकूंनी मोर्चाची तयारी सुरू केली. तालीम खालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे सरकारांच्या खिडकीखालीच. भल्या सकाळी आरोळी उठली:

“सरकार, जागे व्हा!”

“अहो, उठा, बोलावतायत तुम्हाला,” बायको म्हणाली. मग ऐकून म्हणाली, “नाही, झोपा. मोठ्याला म्हणतायत.”

“सरकारची मनमानी—”

“नाही चालणार!”

“घरात तरी कुठे चालते,” बायको पुटपुटली आणि चहा ठेवायला गेली.

सरकार मोर्चात गेले नाहीत. ते अगदी नक्की. ते फक्त कचेरीकडे निघाले होते, आणि मोर्चाही त्याच रस्त्यानं निघाला होता, कारण जाब जिथे विचारायचा ती कचेरी त्याच रस्त्यावर होती. ते पदपथावरून अंग चोरून चालले होते, इतक्यात काकूंच्या चपलेचा अंगठा तुटला. “सरकार, जरा धरा हो एवढं,” म्हणून त्यांनी फलक हातात दिला आणि खाली बसल्या. फलकावर खडूनं लिहिलेलं होतं: ‘लपवाछपवी बंद करा!’ सरकारांनी तो धरला. माणूसच आहे, शेजारीण आहे, चप्पल तुटलीय, नाही कसं म्हणणार? आणि त्याच वेळी कुणीतरी फोटो काढला.

फोटो पेपरात छापून आला. बाकी मोर्चा धूसर होता. स्पष्ट दिसत होते ते सरकार, हात उंचावलेले, तोंड उघडं. खरं तर ते तेव्हा “काकू, लवकर” म्हणत होते. पण फोटोत ते क्रांती करताना दिसत होते. काकूंनी ते कात्रण जिन्यात चिकटवलं. मास्तरांनी जाताना त्याकडे पाहिलं आणि “तुम्हीसुद्धा?” एवढंच म्हणाले. मास्तरांचा चेहरा काळवंडलेला होता, पण सरकारांना तो नाराजीचा रंग वाटला.

कचेरीत कुणीच काही बोललं नाही. हेच भयंकर होतं. चहा आणणाऱ्या पोऱ्यापासून निरीक्षकांपर्यंत सगळे सरकारांशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलत होते. साहेब बाहेर गेलेले होते. त्यांचा निरोप तेवढा होता: उद्या सकाळी केबिनमध्ये भेटा. एकटे.

“एकटे?” बायकोनं विचारलं.

“एकटे.”

“मग मी येऊ का?” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

*

भ्यालेला माणूस काय करील याचा नेम नसतो. सरकार त्याच दिवशी अर्धी रजा टाकून घरी आले होते, आणि भर दुपारी, इमारत आडवी झालेली असताना, बादली, घासणी आणि कसलं तरी उग्र वासाचं पाणी घेऊन ते खाली उतरले. वर्तुळच नसेल तर प्रश्न नसेल. प्रश्न नसेल तर चौकशी नसेल. असा त्यांचा हिशेब होता, आणि पाव भाग पुसून होईपर्यंत तो त्यांना बिनचूक वाटत होता.

“हां! पुरावा नष्ट चाललाय!” कोपऱ्यावरून दुकान बंद करून जेवायला येणारे गोळीवाले ओरडले. “मी म्हणतच होतो! आधी काढतात, मग त्यांच्याच माणसाकडून पुसून घेतात!” आणि ही बातमी फोनवर कुणाला तरी सांगत ते तसेच उलट पावली दुकानाकडे गेले.

काकूंनी दार उघडलं. “शाब्बास सरकार! तुम्ही थेट कृतीवर आलात!”

आणि वरून काठीचा आवाज आला. मास्तर जमेल तितक्या घाईनं जिना उतरत होते. “थांबा! सरकारी खूण आहे ती! तुम्ही, तुम्ही सरकारी माणूस असून, हा गुन्हा—”

शब्द तिथेच तुटला. मास्तरांनी कठड्याला हात घातला, तो निसटला, आणि ते शेवटच्या पायरीवर बसले. चेहरा मेणासारखा. कपाळावर घामाचे थेंब.

काकूंनी घोषणा, फलक, सगळं जिथल्या तिथे सोडलं. मनगट धरून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांचा आवाज एकदम वेगळाच झाला, हळू आणि धारदार. “मास्तर, गोळी घेत होतात का?”

मास्तरांनी डोळे मिटले. “सरकारी दवाखान्यात गेलो होतो.”

“मग?”

“नव्हती.” जरा थांबून ते म्हणाले, “पण येणार आहे. तसं सांगितलंय त्यांनी.”

किती दिवस ते गोळीविना होते कोण जाणे. कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे गोळीवाल्याचं म्हणणं खरं ठरवायचं.

“पळा!” काकू सरकारांवर ओरडल्या. “आणि येताना बोलत बसू नका!”

सरकार पळाले. घासणी हातात, विजार पिवळ्या ओघळांनी माखलेली, लग्न झाल्यापासून असे ते पळाले नव्हते. दुकानात फोन चालूच होता. सरकारांच्या तोंडून “मास्तर—” एवढंच फुटलं. गोळीवाल्यांनी फोन टाकला, कपाटातून ते परत आलेलं पाकीट आणि दुसरी एक छोटी कुपी ओढली, आणि गल्ला उघडा, दुकान उघडं, गिऱ्हाईक ताटकळत, तसेच धावत सुटले.

मास्तरांसमोर बसून त्यांनी बारीक गोळी पुढे केली. “जिभेखाली धर. चावू नकोस.”

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. मग जेमतेम उघडून विचारलं, “ह्यात काय आहे?”

“अरे, ही काय विचारायची वेळ आहे?”

“काय आहे ते सांग. कुणी बनवलीय? मला कसं कळणार?”

सगळ्या जगाला ‘विश्वास ठेवू नका’ असं सांगणारा तो माणूस पायरीवर गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “मास्तर,” तो म्हणाला, “बाकी कुणावर ठेवू नकोस. पण माझ्यावर ठेव ना रे. पाया पडतो तुझ्या.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, किंवा उभ्या असलेल्या सरकारांना तरी तसं वाटलं. मग तोंड उघडलं.

काकूंनी सरकारी रुग्णवाहिका बोलावली होती. “येणार नाही,” गोळीवाले सवयीनं म्हणाले. “येईल,” मास्तर गोळी सांभाळत तोंडातल्या तोंडात म्हणाले. ती आली. आधी चुकीच्या गल्लीत शिरली, न्हाव्यानं भर रस्त्यात उभं राहून तिला वळवलं, पण आली. गोळीवाले मास्तरांचा हात न सोडता आत चढले. दार लागताना आतून ऐकू आलं, “उशीर झालाच ना पण?” आणि त्यावर क्षीण आवाजात, “आली ना पण?”

सरकार एकटेच उरले. भिंतीवर वर्तुळाचा पाव भाग गेला होता. उरलेला पहिल्यापेक्षा जास्त ठळक दिसत होता. त्यांनी बादली उचलली आणि रिकामी न करताच वर नेली.

*

मास्तर वाचले. थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

हे कळलं तेव्हा सरकार साहेबांच्या केबिनबाहेर उभे होते. डोक्यात तयारी झाली होती. काही लपवायचं नाही. विचारलं ते खरं, फलक धरला तो खरा, पुसलं तेही खरं. नोकरी गेली तर गेली. नाही, गेली तर काय करायचं? या ‘गेली तर’पाशी ते पाचव्यांदा आले तेव्हा आतून हाक आली.

साहेबांनी स्वतः उठून दार लावून घेतलं. कडी घातली.

“तुम्हाला काही कळलं का?” साहेबांनी विचारलं. कुजबुजत.

“कशाचं, साहेब?”

“वर्तुळाचं. आमच्याही भिंतीवर आहे. बायकोच्या खोलीखाली. तिला झोप नाही. मेव्हणा म्हणतो इमारत पाडणार, मुलगी म्हणते काहीतरी किरणं सोडणार. मी म्हटलं, नेहमीचंच काम आहे, काळजी करू नका, तर दोघंही माझ्याशी बोलायची बंद झालीत.” साहेबांनी घाम पुसला. “मी कुणाला विचारणार हो? माझ्या जागेवरच्या माणसानं विचारलं तर लोक काय म्हणतील? तुम्ही धडाडीनं विचारत होतात. मोर्चातही होतात. म्हणून म्हटलं, तुम्हाला नक्की कळलं असेल.”

इतक्या दिवसांची धास्ती सरकारांच्या अंगातून अशी निघाली की त्यांना विचारल्याशिवायच खुर्चीत बसावं लागलं.

“नाही, साहेब,” ते म्हणाले. “मला माहीत नाही.”

हे वाक्य तोंडातून इतकं सहज बाहेर पडलं, की संध्याकाळी रुग्णालयात त्यांनी ते पुन्हा म्हणून पाहिलं. मास्तर खाटेवर उशाला टेकून बसले होते. शेजारी स्टुलावर गोळीवाले, येणारी प्रत्येक गोळी हातात घेऊन तिच्यावर काय छापलंय ते परिचारिकेला मोठ्यानं वाचून दाखवत होते, आणि मास्तर मुकाट्यानं ते होऊ देत होते. काकू बंद पंख्यावरून वॉर्डातल्या नातेवाइकांच्या सह्या गोळा करायच्या बेतात होत्या.

“मी खोटं बोललो होतो,” सरकार म्हणाले. “मला काहीच माहीत नाही. ऑफिसात कुणालाच माहीत नाही. साहेबांच्या घरावरही तसंच आहे, आणि त्यांनाही माहीत नाही.”

सरकार उठायच्या तयारीत.

“बघा,” गोळीवाले शेवटी म्हणाले, “आज पहिल्यांदा हा माणूस पटण्यासारखं बोलला.”

“साहेबांच्याही घरावर?” मास्तरांचा चेहरा पडला होता. “म्हणजे त्यांनाही सांगितलं नाही?”

“घाबरलेत का ते?” काकूंनी विचारलं.

“खूप.”

“मग बोलवा त्यांना बैठकीला.”

मास्तर घरी आल्यावर बैठक भरली. साहेब आले. सपत्नीक. काकूंच्या दिवाणाच्या अगदी कडेला अंग चोरून बसले. वर्तुळ पाऊण का आहे असं त्यांच्या बायकोनं विचारलं, तेव्हा खोलीतल्या एकानंही सरकारांचं नाव घेतलं नाही. वाद मात्र जोरात झाला. मास्तर म्हणाले की एवढं मोठं सरकार, एखादं वर्तुळ विसरणारच. गोळीवाले म्हणाले की विसरल्याचं नाटक आहे. काकूंनी पुढच्या मोर्चात साहेबांना फलक धराल का असं विचारलं, आणि साहेबांनी पाणी मागितलं.

“पण मग आता शोधणार कोण?” साहेब केविलवाण्या आवाजात म्हणाले.

“तुम्ही मुळीच घाबरू नका, साहेब,” गोळीवाले म्हणाले, आणि त्यांनी सरकारांच्या खांद्यावर थाप मारली. “आमचे सरकार आहेत ना. ते शोधून काढतील.”

“काढतीलच,” मास्तर म्हणाले.

“माझा पूर्ण विश्वास आहे,” काकू म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना डोलल्या. थट्टेचा अंश कुणाच्या चेहऱ्यावर नव्हता. सरकारांनी हातातली कपबशी हळूच खाली ठेवली. अविश्वासात गेलेले ते दिवस त्यांना एकाएकी फार सुखाचे वाटायला लागले.

दुसऱ्या दिवशी डबा घेताना त्यांनी बायकोला सांगितलं, आज यायला उशीर होईल. टेलिफोनवाल्यांचा माणूस रजेवरून परत आलाय म्हणतात.